भिंत घासण्याआधी जरा ऐक

अगं, बेसमेंटचं काम घरच्या घरी काढलंयस म्हणे! काल व्हिडिओवर दाखवलंस ना, नव्या शीटरॉकच्या, म्हणजे जिप्समच्या तक्त्यांच्या, सांध्यांवर मड, म्हणजे सांधे भरायचा लगदा, वाळलंय आणि तुझा नवरा सँडपेपर घेऊन सज्ज. कौतुक वाटलं, पण पोटात गोळाही आला. एडिसनला पहिलं घर घेतलं तेव्हा आम्हीही हाच उद्योग करून बसलो होतो.

वाटलं, पांढरी भुकटी, खडूसारखी, तिनं काय होणार? शनिवारभर घासलं. फर्नेस चालूच होता. हवा परत ओढणाऱ्या त्याच्या रिटर्नच्या जाळीतून धूळ घरभर गेली. सोमवारी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पांढरा आणि वरच्या स्वयंपाकघरातले डबेही पांढरे! माझा खोकला तर पंधरा दिवस हटला नाही.

त्या मडमध्ये चुनखडीची पूड, जिप्सम, अभ्रक, टाल्क आणि काहींत सिलिका असते. जाड धूळ नाकात अडकते गं, पण बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. वर्षानुवर्षं सिलिका आत गेली तर सिलिकोसिस होतो, कॅन्सरचाही धोका असतो. एका खोलीनं तुला सिलिकोसिस होणार नाही, उगाच घाबरू नकोस. पण तुला दम्याचा त्रास आहे, हे मी नाही सांगायचं तर कोणी? अमेरिकेत कामाच्या जागी धुळीची मर्यादा आहे घनमीटरला 15 मिलिग्रॅम. निऑश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं मोजमाप केलं, तेव्हा घासणाऱ्या काही कामगारांच्या वाट्याला त्याच्या दहापट धूळ आली होती. आणि ती रोजची सवय असलेली माणसं!

म्हणून शक्य तिथे घासूच नका, पुसा. ओल्या स्पंजनं हलक्या हातानं सांधा सारखा होतो, धूळ उडतच नाही. कोपरे जरा ओबडधोबड राहतील, राहू देत. बेसमेंटच आहे, ताजमहाल नाही. कोरडंच घासायचं असेल तर व्हॅक्यूमला जोडलेला सँडर भाड्यानं आणा. निऑशच्याच चाचण्यांत त्यानं धूळ 80 ते 97 टक्के कमी झाली. घरातला साधा व्हॅक्यूम मात्र लावू नका, तो बारीक धूळ मागून परत बाहेर फेकतो. अतिबारीक कण अडवणारा हेपा फिल्टरवालाच हवा. फर्नेस बंद, जाळ्यांवर प्लॅस्टिक, दाराला पडदा, आणि खिडकीत पंखा बाहेर तोंड करून. झाडू तर हातात धरूच नकोस, ओल्या फडक्यानं पूस. एन-95 मास्क चेहऱ्याला चिकटून बसायला हवा, म्हणजे तुझ्या नवऱ्याची ती लाडकी दाढी आठवडाभर जाऊ दे. रागावेल, रागावू दे. कपडे खालीच बदला, मुलांना तसेच जवळ घेऊ नका.

हे सगळं नव्या मडचं झालं. जिन्याजवळची जुनी भिंतही घासून एकसारखी करणार म्हणालीस ना, तीच मला रात्रभर खुपतेय. पूर्वी सांधे भरायच्या मडमध्ये ॲस्बेस्टॉस घालत. अमेरिकेत त्यावर बंदी आली 1977 मध्ये. त्या काळातली भिंत असेल तर ओला स्पंजही नको आणि मास्कच्या भरवशावरही राहायचं नाही. आधी जाणकार माणसाकडून नमुना काढून प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा.

घर कोणत्या साली बांधलंय, ते कागदपत्रांत बघ आणि आजच मला कळव. तोवर त्या भिंतीला साधा खिळासुद्धा ठोकू देऊ नकोस त्याला.