हात दिसतात, भुवया राहून जातात

प्रश्न : आमच्या शेजारी सहा वर्षांची मुलगी आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. नातवाशी खेळायला रोज आमच्याकडे येते. तिच्याशी चार शब्द बोलावेत असं फार वाटतं, पण इथे खुणांची भाषा शिकवणारं कोणी नाही. नुसते मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून ती येईल का? माझं वय ६३ आहे. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : येईल. वयाची काळजी नको. या भाषेला रोजच्या वापरातली लिपी नाही आणि चित्राशेजारी बाण काढून हाताचा वेग कळत नाही, त्यामुळे पुस्तकापेक्षा व्हिडिओच इथे कामाचा. हे कर्णबधिरांनी फार पूर्वी ओळखलं होतं. १८८० साली कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या मिलानच्या परिषदेत मुलांना फक्त तोंडी बोलूनच शिकवायचं असा ठराव झाला आणि बऱ्याच देशांतल्या शाळांमधून खुणा हद्दपार झाल्या. आपली भाषा मरेल या धास्तीने अमेरिकेतल्या जॉर्ज वेडिट्झ या कर्णबधिर गृहस्थांनी १९१३ मध्ये कॅमेऱ्यासमोर उभं राहून भाषण केलं, अर्थात हातांनी. ती फिल्म आजही पाहता येते.

आपल्याकडे सुरुवात करायला चांगली जागा म्हणजे दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश. २०१८ मध्ये त्यात ३,००० शब्द होते, २०२१ पर्यंत १०,००० झाले. त्यावरच बेतलेलं ‘साइन लर्न’ हे अ‍ॅप २०२२ मध्ये आलं. त्यात हिंदीतूनही शब्द शोधता येतो. डिसेंबर २०२४ पासून केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या उपक्रमाची ३१ क्रमांकाची टीव्ही वाहिनी खास या भाषेसाठी आहे. रील्सवर मात्र विसंबू नका. तिथे बरंचसं अमेरिकन भाषेतलं असतं आणि ती भाषा वेगळी. अमेरिकन मुळाक्षरं एका हाताची, आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात. आपल्या खुणा आपल्या घरातून आलेल्या आहेत. ‘बाई’ म्हणायचं तर तर्जनी नाकाला लावायची, जिथे चमकी असते तिथे. ‘पुरुष’ म्हणायचं तर बोट मिशीवर.

आता मुख्य अडचण. व्हिडिओ पाहताना आपलं सगळं लक्ष हातांकडे जातं. मी शिकताना तेच केलं. घरी पाठ केलेली वाक्यं एका कर्णबधिर शिक्षिकेला करून दाखवली. त्यांनी माझे हात नीट पाहिले आणि मग स्वतःच्या भुवयांवर बोट ठेवलं. मी विचारत होतो, ‘तू जेवलीस?’ आणि त्यांना दिसत होतं, ‘तू जेवलीस.’ मराठीत हा फरक आपण नुसत्या सुरावर करतो, शब्द तेच राहतात. या भाषेत तो सूर चेहऱ्यावर असतो: हात तेच, पण भुवया वर जातात, डोळे मोठे होतात, मान जराशी पुढे येते. ‘काय’, ‘कुठे’ हे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. म्हणून सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा पूर्ण वाक्याचा व्हिडिओ घ्या, वेग अर्ध्यावर आणा आणि एकदा हातांकडे न बघता फक्त चेहरा पाहा.

दुसरं म्हणजे व्हिडिओ तुम्हाला बघत नाही, तुमचं चुकलं तरी तो पुढेच जातो. म्हणून फोन टेकवून ठेवा, स्वतःचं चित्रण करा आणि मूळ व्हिडिओशी ताडून पाहा. कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंतचा भाग चौकटीत यायला हवा. अंगात साधे, एकरंगी कपडे असू द्या, उजेड समोरून येऊ द्या. समोरचा कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो, त्याने गोंधळू नका. तुम्ही उजवे असाल तर मुख्य हात उजवा, डावरे असाल तर डावा.

एवढं करूनही शेजारची मुलगी एखादी खूण वेगळी करताना दिसेल. गावोगावी शब्द बदलतात, व्याकरण बरंचसं सारखं राहतं. अशा वेळी तिचीच खूण उचला. कोशात शब्दावरून खूण सापडते, पण खुणेवरून शब्द शोधणं अवघड. तिथे तिलाच विचारायचं. वस्तूकडे बोट दाखवलं की ती करून दाखवेल.

आणखी एक, न विचारलेलं सांगतो. तिला ‘मुकी’ म्हणू देऊ नका. तिला ऐकू येत नाही, पण सांगायचं पुष्कळ असतं. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आई-बाबांच्या पोटी जन्मतात, आणि आई-बाबांनाच ही भाषा येत नसेल तर मुलाची ऐन शिकायची वर्षं कोरडी जातात. एकदा सरलेलं वय परत येत नाही, याची मला खरंच काळजी वाटते. तिच्या आईला खुणा येत नसतील, तर संध्याकाळी अर्धा तास तिलाही तुमच्याबरोबर बसवा. नातू तर तुम्हा दोघांच्याही आधी शिकेल.

कर्णबधिर मंडळी ओळखीच्या माणसाला खुणेचं नाव देतात, कधी चष्म्यावरून, कधी गालावरच्या तिळावरून. ते आपण स्वतः घ्यायचं नसतं. तिने तुम्हाला कोणतं दिलं, ते आम्हाला जरूर कळवा.