वजन कोणाच्या खांद्यावर? – पिकअप गाडीच्या बॉल जॉइंटचा पाठ



या अंकातील विज्ञानाचा पाठ पुस्तकातला नाही, आमच्या घरच्या अंगणातला आहे. माझ्या धाकट्या भावाचा बटाट्याचा धंदा आहे. त्याच्याकडे एक जुनी पिकअप आहे. गेल्या कार्तिकात एका संध्याकाळी तो इंदूरच्या चोइथराम मंडीत माल उतरवून रिकामी गाडी घेऊन परत आला. आमच्या गल्लीच्या वळणावर, माणूस चालतो त्या वेगात, गाडीचे पुढचे डावे चाक खालून बाहेर निसटले आणि गाडीचा तो कोपरा धाडकन खाली बसला. मडगार्ड टायरवर टेकले. कोणालाही लागले नाही.

पुढची गोष्ट सांगणे मला भाग आहे. त्याच्या आधीच्या शनिवारी याच गाडीतून आपल्या शाळेचे क्रीडासाहित्य मैदानावर नेले होते आणि मागच्या हौद्यात सामान धरायला चार मुले बसली होती. मालवाहू गाडीत मुले बसवणे नियमाविरुद्ध आहे. मला ते माहीत होते, तरी "जवळच तर जायचे आहे" म्हणून मी होऊ दिले. चूक माझी. त्या चार घरी जाऊन मी हे सांगितले आहे, आणि शाळेचे सामान आता मुलांशिवाय जाते.

आता मूळ विषय. निसटला होता तो खालचा बॉल जॉइंट. आपल्या खांद्याचा किंवा खुब्याचा सांधा आठवा. मराठी पुस्तकात त्याला उखळीचा सांधा म्हणतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे माझ्या तोंडी अजून 'कंदुक-खल्लिका संधि' हेच नाव आधी येते. कंदुक म्हणजे चेंडू. गाडीतही हेच आहे. पोलादी गोळा, तो सामावणारी वाटी, मध्ये ग्रीस, वर धूळ-पाणी अडवणारी रबरी टोपी. गोळ्यातून निघालेला दांडा चाकाच्या नकलमध्ये बसतो. चाक खड्ड्यात वरखाली होते आणि स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडेही वळते. या दोन्ही हालचाली एकाच सांध्यात सामावायच्या तर गोळाच हवा, बिजागरी चालत नाही.

ज्या गाड्यांना पुढे पाटे आणि अखंड अ‍ॅक्सल असतो त्यांत बहुधा किंगपिन असते, त्यांना हा पाठ लागू नाही. आमच्या गाडीत प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म आहेत आणि कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते.

भावाने दिवाळीआधी एका गॅरेजात गाडी दाखवली होती. गतिरोधकावरून जाताना खट् असा आवाज येत होता आणि डाव्या टायरची एक कड लवकर झिजत होती. तिथल्या कारागिराने चॅसिसखाली जॅक लावून चाक उचलले, दोन्ही हातांनी हलवले आणि म्हणाला, "एकदम टाइट है, चलने दो।" तो खोटे बोलला नाही. त्याच्या हाताला ते घट्टच लागले असणार. असे का व्हावे, हाच आजचा प्रश्न आहे.

गाडीचे वजन चॅसिसवरून स्प्रिंगवर, स्प्रिंगवरून खालच्या आर्मवर, आर्मवरून खालच्या बॉल जॉइंटवर आणि तिथून नकलमार्फत चाकावर जाते. म्हणजे भार वाहणारा सांधा खालचा. वरचा फक्त चाक उभे धरतो. समजा एका पुढच्या चाकावर 500 किलो भार आहे. त्यात चाक, ब्रेक वगैरेचे 50 किलो सोडले तर 450 किलो या एका गोळ्यातून जातात. स्प्रिंग आर्मच्या साधारण मध्यावर बसते असे धरा. नववीच्या मुलांनी तरफेचा नियम लावून पाहावा : टेकूपासून स्प्रिंगचे अंतर अर्धे, म्हणून तिचा जोर दुप्पट, 900 किलो.

आता चॅसिस उचला. चाक अधांतरी लोंबते, पण स्प्रिंग मोकळी होत नाही. ती खालच्या आर्मला खाली रेटतच राहते. आर्म नकलला ओढतो, नकल वरच्या आर्मला ओढते, आणि तो आपल्या रबरी अडणीवर जाऊन टेकतो. दोन्ही सांधे ताणलेले. आमच्या गाडीत वाटी आर्ममध्ये आणि दांडा वर नकलमध्ये आहे, त्यामुळे स्प्रिंग गोळ्याला वाटीतून उपसायलाच बघते. अशा ताणलेल्या सांध्यातली ढिलाई हाताला कशी लागणार? दोरी ताणून धरली की तिची गाठ सैल आहे का ते समजत नाही, तसेच.

म्हणून तपासताना जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जमेल तितके जवळ लावायचा. मग स्प्रिंगचा जोर जॅक घेतो आणि सांधा भारमुक्त होतो. टायर जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर उचलून त्याखाली पहार घालायची, हलकेच वर दाबायची आणि दुसऱ्याने सांध्याकडे पाहायचे. उजवी बाजू आम्ही अशी तपासली तेव्हा गोळा वाटीत खुळखुळताना डोळ्यांना दिसला. ब्रेक दाबून धरल्यावर नाहीशी होते ती ढिलाई बेअरिंगची, सांध्याची नव्हे. मात्र हा नियम सगळ्या गाड्यांना सरसकट लावू नका. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर भार वरच्या सांध्यावर येतो आणि उचलायची रीत बदलते. पुष्कळ मोटारींत स्प्रिंग आर्मवर नसून स्ट्रटवर असते. तिथे चॅसिस उचलून चाक लोंबते ठेवलेलेच योग्य. आधी भार कुठून जातो ते बोटाने दाखवायचे, मग जॅकला हात लावायचा.

दोन्ही बाजूंचे सांधे आम्ही एका रविवारी घरीच बदलले. भाऊ, पुतण्या आणि मी. भाऊ तरुणपणी पाच वर्षे गॅरेजात होता, हे मुद्दाम लिहितो. विद्यार्थ्यांनी हे काम एकट्याने करायचे नाही. कारण तीच स्प्रिंग. चाक लोंबत असताना तिच्यात 300 किलोचा दाब उरला आहे आणि ती अजून 10 सेंटिमीटर मोकळी व्हायची आहे असे समजा. ऊर्जा होते 150 ज्यूल, म्हणजे 15 किलोचा दगड एक मीटरवरून पडावा इतकी. सांधा सोडताना आर्मखाली आधार नसेल तर ही ऊर्जा थेट समोर बसलेल्या माणसाच्या दिशेने येते.

मागच्या चाकांना लाकडी अडणी, हँडब्रेक, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल. मग गाडी उचलून चॅसिस भक्कम स्टँडवर. विटांवर नाही, वीट अचानक फुटते. दुसरा जॅक खालच्या आर्मखाली, आणि तो काम संपेपर्यंत तिथून हलवायचा नाही. जॅकचे तेल उतरून तो बसू शकतो, म्हणून स्प्रिंगमधून साखळी ओवून ती आर्मला बांधली. ब्रेकचा कॅलिपर तारेने वर टांगला, त्याचे वजन ब्रेकच्या नळीवर यायला नको.

सर्वात मजेचा भाग दांडा सोडवण्याचा. दांडा निमुळता असतो आणि नकलचे भोकही तसेच. नट आवळला की तो पाचरीसारखा रुततो, नट काढला तरी हलत नाही. पुतण्या दांड्याच्या टोकावर हातोडा मारायला निघाला होता. त्याने आटे चेपतात, दुसरे काही होत नाही. स्प्लिट पिन काढायची, नट पाच-सहा फेरे सैल करून तसाच ठेवायचा आणि नकलच्या भोकाभोवतीच्या जाड कडेवर बाजूने घाव घालायचे. घावाने भोक क्षणभर जरासे दबते आणि पाचर सुटते. सातव्या घावाला 'टण्' झाले. नट ठेवलेला असतो तो याच क्षणासाठी. दांडा सुटतो, पण आर्म निसटत नाही.

आमच्या आर्मवर सांधा चार बोल्टांनी बसवलेला होता, म्हणून घरी जमले. रात्रभर तेल पाजूनही एक बोल्ट तुटलाच. दाबून बसवलेले सांधे असतील तर ते प्रेसवाल्याकडेच न्यावेत. नवा बसवताना निमुळता भाग पुसून कोरडा ठेवायचा, तिथे ग्रीस लावायचे नाही, कारण त्याची पकड घर्षणावरच आहे. नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या मापाने टॉर्क रेंचने आवळायचा. स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही तर नट आणखी थोडा पुढे घ्यायचा, मागे कधीच नाही. पिन नवी. ग्रीस रबरी टोपी किंचित फुगेपर्यंत, फुटेपर्यंत नव्हे. दुसऱ्या दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले, कारण सांधा बदलला की चाकाचा कोन बदलू शकतो.

जुने दोन्ही जॉइंट शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवले आहेत. उजवा आम्ही करवतीने उभा कापला आहे. टोपीला एका बाजूला नखाएवढी चीर आहे, आत ग्रीसऐवजी लालसर चिखल आहे, आणि गोळा एका अंगाने चपटा झाला आहे. नववी-दहावीच्या मुलांनी व्हर्निअर कॅलिपरने त्याचे व्यास दोन दिशांनी मोजून फरक वहीत लिहावा.