उपचारानंतरची स्तन-तपासणी : घनता कशी पाहतात?

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि किरणोपचार पार पडले म्हणजे तपासणीची गरज संपली, असा समज अनेक कुटुंबांत आढळतो. वस्तुतः त्यानंतरही दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, करून घेणे आवश्यक असते. या तपासणीत नवी गाठ शोधली जाते, त्याचबरोबर स्तनाची घनताही पाहिली जाते.

घनता म्हणजे काय?

क्ष-किरण चित्रात चरबी काळसर दिसते, तर दुग्धग्रंथी व त्यांना आधार देणाऱ्या तंतुमय ऊती पांढऱ्या दिसतात. या पांढऱ्या भागाचे प्रमाण म्हणजे घनता होय. हाताने चाचपून ती कळत नाही. कर्करोगाची गाठही पांढरीच दिसत असल्यामुळे घन स्तनात ती झाकली जाण्याचा संभव असतो.

घनतेचा कर्करोगाच्या धोक्याशी संबंध आहे, ही गोष्ट अमेरिकेतील डेट्रॉइट येथील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन वुल्फ यांनी १९७६ मध्ये मांडली. कॅनडातील नॉर्मन बॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ७५ टक्के किंवा त्याहून अधिक घनता असलेल्या स्त्रियांना १० टक्क्यांहून कमी घनता असलेल्यांच्या तुलनेत सुमारे ४.७ पट धोका आढळला. आज घनतेचे चार वर्ग मानले जातात. जवळजवळ सर्व चरबी असलेला स्तन पहिल्या वर्गात आणि अतिशय घन स्तन चौथ्या वर्गात येतो. अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून तपासणी केंद्रांनी प्रत्येक स्त्रीला तिच्या घनतेची माहिती देणे बंधनकारक झाले आहे.

कोणत्या बाजूची घनता पाहावी?

उपचार झालेल्या बाजूला शस्त्रक्रियेचा व्रण असतो. किरणोपचारामुळे त्वचा जाड होते व सूज येते, आणि चित्र अधिक पांढरे दिसते. हा बदल बहुधा दोन-तीन वर्षांत ओसरत जातो. म्हणून घनतेतील फरक अजमावण्यासाठी उपचार न झालेल्या दुसऱ्या स्तनाचा आधार घेतात. उपचारित बाजूची तपासणी अर्थातच सोडावयाची नसते. तेथील पहिली मॅमोग्राफी किरणोपचार संपल्यानंतर साधारणतः सहा महिन्यांनी किंवा त्यानंतर करतात.

औषधाचा परिणाम

टॅमॉक्सिफेन या औषधाने अनेक स्त्रियांची घनता घटते. अधिक धोका असलेल्या, पण कर्करोग न झालेल्या स्त्रियांवरील ब्रिटनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या ज्या स्त्रियांची घनता १२ ते १८ महिन्यांत किमान १० टक्क्यांनी उतरली, त्यांच्यातील धोका औषध न घेणाऱ्यांच्या मानाने ६३ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र, घनता उतरली नाही म्हणून औषध व्यर्थ ठरले, असा अर्थ कोणीही परस्पर काढू नये व डॉक्टरांच्या सल्ल्याविना ते थांबवू नये. रजोनिवृत्ती व वजनवाढ यांमुळेही घनता कमी झालेली दिसू शकते.

जुनी चित्रे जपावीत

या सर्व परीक्षणाचा पाया तुलना हा आहे. शक्यतो त्याच केंद्रात, तशाच यंत्रावर चित्र काढले व मागील वर्षांची चित्रे सोबत असली, तर खरा बदल कोणता व चित्र काढण्याच्या पद्धतीतील फरक कोणता, हे तज्ज्ञांना ओळखता येते. घरातील आवराआवरीत जुनी फिल्म किंवा तबकडी टाकून दिली गेली, तर हा पुरावाच नाहीसा होतो आणि लहानसा नवा दोष ओळखणे कठीण जाते.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांनी उपचार घेऊन परतलेल्या भगिनींना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : वार्षिक तपासणी चुकवू नये, आणि तपासणीस जाताना जुनी चित्रे व अहवाल बरोबर न्यावेत. घन स्तन असल्यास सोनोग्राफीसारख्या पूरक तपासणीची गरज आहे किंवा नाही, हेही डॉक्टरांना विचारावे. पत्र्याच्या पेटीत नीट जपून ठेवलेले एक जुने चित्र पुढील निदान वेळीच होण्यास साहाय्यभूत ठरू शकते.