आप्तांच्या घराची विक्री : दलालाचे कर्तव्य आणि मालकाची दक्षता

हैदराबाद शहरातील नारायणगुडा, काचिगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी भाषिकांची जुनी वस्ती आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचा भाग असल्यामुळे शिक्षण, वकिली व नोकरी यांनिमित्त अनेक कुटुंबे राजधानीत स्थायिक झाली. पुढील पिढ्या कामानिमित्त इतरत्र गेल्या की मागे उरलेले घर विकण्याचा प्रश्न उद्भवतो. अशा वेळी नात्यातील दलालाकडे हे काम सोपविले जाते. त्यात गैर काही नाही. मात्र नाते आणि व्यवहार यांची गल्लत झाल्यास दोहोंचीही हानी होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, नारायणगुडा येथील वडिलोपार्जित घर नांदेडच्या एका बहिणीच्या व पुण्यातील भावाच्या वाट्याला आले. त्यांचा आतेभाऊ हैदराबादेत दलाली करतो. "आक्का, घरच्या माणसांकडून दलाली कसली घ्यायची?" असे म्हणून तो काम स्वीकारतो. कागद काहीच होत नाही. घर विकले जाते आणि दोन वर्षांनी कळते की, मित्राचे नाव पुढे करून ते त्यानेच कमी किमतीत घेतले होते.

कायदा काय सांगतो ?

भारतीय करार अधिनियम, १८७२ यातील तरतुदी येथे लागू पडतात. कलम १८५ अन्वये प्रतिनिधी नेमण्यास मोबदल्याची आवश्यकता नसते. म्हणजेच फुकट काम करणारा आप्तही कायद्याच्या दृष्टीने प्रतिनिधीच होय. त्याने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागावे (कलम २११) आणि मागणी होताच योग्य हिशेब द्यावा (कलम २१३), असे बंधन आहे.

कलम २१५ तर वरील उदाहरणासाठीच लिहिले असावे असे वाटते. विकावयास दिलेली मिळकत प्रतिनिधीने दुसऱ्याच्या नावे स्वतःच घेतली, हेच त्या कलमाखालील दृष्टान्तात सांगितले आहे. महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपविली अथवा विक्री आपणास हानिकारक ठरली, असे सिद्ध केल्यास मालकास तो व्यवहार नाकारता येतो. गैरवर्तन करणाऱ्या प्रतिनिधीस कामाच्या त्या भागापुरता मोबदला मिळण्याचा हक्क राहत नाही (कलम २२०).

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने दलालांना नोंदणी सक्तीची केली. परंतु ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे. जुन्या घराच्या व्यवहारात मुख्य आधार १८७२ च्या कायद्याचाच राहतो. अमेरिकेतील दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतही स्वतःसाठी किंवा निकटच्या कुटुंबीयांसाठी खरेदी करताना ती गोष्ट मालकास उघड सांगण्याचे बंधन आहे.

घ्यावयाची दक्षता

१. सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. एका वारसास दुसऱ्याचा हिस्सा परस्पर विकता येत नाही.

२. दलाली किती व कोण देणार, हे लिहून ठेवावे. दलाली घ्यावयाची नसेल तर तसेही लिहावे. खरेदीदाराकडून काही मिळणार असल्यास मालकास आधी सांगावे.

३. खरेदीदाराशी दलालाचे नाते, मैत्री वा भागीदारी असल्यास ती प्रथमच उघड करावी.

४. किमतीचा अंदाज निदान दोन त्रयस्थ जाणकारांकडून घ्यावा.

५. मुखत्यारपत्र आवश्यक तेवढ्याच कामापुरते द्यावे. केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

६. विसार व उर्वरित रक्कम प्रत्येक हिस्सेदाराच्या बँक खात्यात थेट जमा व्हावी.

दलाली करणाऱ्या आप्तानेही आपण निःपक्षपातीपणे हे काम करू शकू काय, याचा विचार करावा. भावंडांत मतभेद असतील, किंवा खरेदीदार आपल्याच घरचा असेल, तर काम दुसऱ्याकडे सोपविणे हेच श्रेयस्कर. लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. कागद स्पष्ट असेल तर घर विकल्यानंतरही भाऊबीजेला एकमेकांच्या दारी जाता येते.

उजळणीसाठी प्रश्न

१. मोबदला न घेणाऱ्या आप्तावर कोणती कर्तव्ये येतात ?
२. वरील उदाहरणातील बहिणीने व भावाने आरंभी कोणते कागद करावयास हवे होते ?
३. आतेभावास ते घर खरोखरच घ्यावयाचे असते, तर त्याचा प्रामाणिक मार्ग कोणता होता ?