मातीतील कर्ब : कोणता, कुठला आणि किती?

‘सेंद्रिय’ हा शब्द आपल्याला शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत यांच्यामुळे परिचित आहे. त्यामुळे ‘मातीचे सेंद्रिय प्रदूषण’ असे कोणी म्हटले, की विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. जे मातीला हवे, तेच प्रदूषण कसे? रसायनशास्त्रात मात्र कर्बाच्या असंख्य संयुगांना सेंद्रिय म्हणतात. शेणखतातील ह्यूमस सेंद्रिय, तसेच डिझेल, डांबर आणि दगडी कोळशातील बहुतेक द्रव्येही सेंद्रियच. कोळसाखाणीच्या परिसरातील माती तपासताना या दोहोंची गल्लत होते. ती कशी टाळतात, हे या लेखात पाहू.

दोन जिल्हे, दोन भूगर्भ

धाराशिव जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. येथील जमिनीखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसापासून झालेला बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जिल्ह्याच्या सीमेजवळ, लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे खोल विंधन घेण्यात आले. त्यात सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली गाळाच्या खडकाचा अगदी पातळ थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकमय खडक लागला. कोळसा धारण करणारे गोंडवन खडक तेथे नाहीत.

वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत, हे गोंडवन खडक आहेत. घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, वणी ही गावे कोळशासाठी प्रसिद्ध आहेत. खाणकाम, कोळशाची वाहतूक, औष्णिक वीज आणि इतर उद्योग यांचा भार या भागावर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली जी ४३ औद्योगिक क्षेत्रे गंभीर प्रदूषित ठरवली, त्यांत चंद्रपूर होते.

आता गंमत पाहा. धाराशिवची माती कोळशाविना काळी आहे. तिचा रंग गडद असला, तरी तीत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा शेकडा एकाहूनही कमी असतो. चंद्रपूर भागातही काळी माती आहे आणि खाणीजवळ तीत कोळशाची धूळ मिसळते. नुसत्या डोळ्यांनी हा भेद कळणार नाही. मग प्रयोगशाळेत तरी कळेल का?

आकडा कसा फसवतो?

मृदा आरोग्य पत्रिकेत ‘सेंद्रिय कर्ब’ असा एक रकाना असतो. सर्वसाधारणपणे ०·५० टक्क्यांहून कमी म्हणजे ‘कमी’ आणि ०·७५ टक्क्यांहून अधिक म्हणजे ‘जास्त’ असे मानतात. हा आकडा बहुधा वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ सालच्या पद्धतीने काढतात. तीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांनी मातीतील कर्बाचे ऑक्सिडीकरण करतात. खर्च झालेल्या डायक्रोमेटवरून कर्ब कळतो.

पण डायक्रोमेटला ह्यूमस आणि कोळसा यांतील फरक कळत नाही. ह्यूमसबरोबर कोळशाचाही काही भाग त्यात खर्ची पडतो. माती जाळून एकूण कर्ब मोजला, तर जवळजवळ सगळा कोळसा हिशेबात येतो. शिवाय चुनखडीतला कर्बही येतो. म्हणून चुनखडीयुक्त माती आधी आम्लाने धुवावी लागते.

एक गणित करू. समजा, एका शेतात ह्यूमसचा कर्ब ०·५ टक्के आहे. तेथे वजनाने १ टक्का कोळशाची धूळ मिसळली आणि त्या कोळशात ६० टक्के कर्ब आहे. म्हणजे ०·६ टक्के भर पडली. माती जाळून काढलेला आकडा १·१ येईल! वॉकली-ब्लॅक पद्धतीचा आकडा ०·५ आणि १·१ यांच्या दरम्यान कोठेतरी येईल. तो ०·७५ च्या वर गेला, तर ‘माती कसदार आहे’ असे समजून शेतकरी शेणखत कमी करील. कोळशाने मात्र पिकाला ह्यूमससारखे पोषण मिळत नाही. चुकीच्या आकड्याची किंमत अशी शेतातच मोजावी लागते.

घातक कोणते?

कोळशातील सर्वच द्रव्ये सारखी घातक नसतात. शास्त्रज्ञांचे विशेष लक्ष असते ते बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांकडे. यांच्या रेणूंत कर्बाची षट्कोनी वलये एकमेकांना चिकटलेली असतात. डांबरगोळ्यांत पूर्वापार वापरलेले नॅप्थलीन दोन वलयांचे, तर बेंझोपायरीन पाच वलयांचे. धुराडी साफ करणाऱ्या लंडनच्या कामगारांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ सालीच काजळीशी जोडला होता. १९३३ साली दोन टन डांबरातून बेंझोपायरीन वेगळे करण्यात आले. आज ते मानवात कर्करोग करणारे द्रव्य म्हणून मान्य झाले आहे.

मातीत ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एक किलो मातीत एक मायक्रोग्रॅम म्हणजे शंभर कोटींत एक भाग. जणू सुमारे ३० टन ज्वारीतला एक दाणा!

तपासणीच्या पायऱ्या

१. नमुने : खाणीपासून वेगवेगळ्या अंतरांवर, वाऱ्याच्या दोन्ही दिशांना घेतात. धूळ वर साचते, म्हणून वरच्या पाच सेंटिमीटरांचा नमुना वेगळा ठेवतात. खालचाही घेतात, कारण उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि धूळ भेगांतून खोल जाते. प्लॅस्टिकमधील द्रव्ये नमुन्यात येऊ नयेत, म्हणून काचेच्या बरण्या वापरतात.

२. तुलनेची माती : ही त्याच भागातील, त्याच प्रकारची, पण धुळीच्या कक्षेबाहेरची हवी. चंद्रपूरसाठी धाराशिवची माती चालणार नाही. मूळ खडक, पाऊस, पिके सारेच वेगळे.

३. निष्कर्षण : योग्य द्रावकाने सेंद्रिय द्रव्ये मातीतून काढून घेतात. मातीशिवाय एक कोरी चाचणीही करतात, म्हणजे भांड्यांचा आणि द्रावकाचा दोष उघडा पडतो.

४. ओळख : वायू वर्णलेखनाने द्रव्ये वेगळी करतात आणि वस्तुमान वर्णपटमापकाने ओळखतात. न जळलेल्या कोळशात बहुधा कमी वलयांची, उपशाखा असलेली संयुगे ठळक दिसतात. ज्वलनाच्या काजळीत चार ते सहा वलयांची, उपशाखा नसलेली. यावरून धूळ की धूर याचा अंदाज बांधता येतो.

५. परिणाम : कोळशाच्या कणांत ही द्रव्ये घट्ट अडकलेली असतात. म्हणून जितके मोजले तितके सारे सजीवांना पोचतेच असे नाही. त्यासाठी गांडुळांवर वेगळी चाचणी घेतात.

खाण नसलेल्या गावांनीही निश्चिंत राहू नये. उसाचे पाचट, वीटभट्टी, चूल, डिझेल यांच्या अपुऱ्या ज्वलनातूनही हीच बहुवलयी संयुगे बनतात. म्हणून कर्बाचा आकडा कोठेही दिसला, तरी तीन प्रश्न विचारावेत : कोणता कर्ब? कुठून आला? मुळात किती होता?

करून पाहा

(१) गावाचा नकाशा काढून वीटभट्टी, रस्ता, पाचट जाळलेली शेते आणि वाऱ्याची मुख्य दिशा दाखवा. (२) मातीचे सहा नमुने कोठून घ्याल आणि तुलनेचा नमुना कोणता, ते कारणांसह लिहा. (३) वरील गणितात कोळशाची धूळ अर्धा टक्का धरल्यास एकूण कर्ब किती येईल?