डिंकाला वास नाही, मग लोबानाला का?

चौथीच्या वर्गात ‘झाडं आपल्याला काय काय देतात’ हा भाग घेत होते. एका मुलाने बांधावरच्या बाभळीचा डिंक आणला होता, मी घरून लोबानाचे खडे नेले होते. त्याने दोन्ही हुंगले नि विचारलं, "बाई, दोन्ही झाडाचेच ना? मग डिंकाला वास का नाही?" मी पटकन म्हटलं, "झाडं वेगळी आहेत म्हणून." चूक नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाट्यांत पाणी घेऊन दोघांची पूड टाकली. मधल्या सुट्टीपर्यंत डिंक विरघळून चिकट झाला, लोबान तसाच तळाशी. डिंक साखरेच्या कुळातला. त्याचे रेणू लांबलचक नि जड, ते हवेत उडत नाहीत. लोबान ही राळ. ती पाण्यात नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. तिच्यातले काही लहान, हलके रेणू उडून नाकात शिरतात, तोच वास. (हे ऐकल्यावर दोघी-तिघींनी शौचालयाच्या दिशेने बघत नाक दाबलं!)

गरम केल्यावर हे रेणू जास्त उडतात. पण वर्गात एका मुलाला दमा आहे, म्हणून निखारा टाळला. गरम पाण्याच्या भांड्यावर बशी ठेवली, तिच्यात पूड. तेवढ्यानेही वास आला. पालकांनो, धूप झाडाचा असला तरी धूर तो धूरच, बरं का.

मोठ्या मुलांच्या पालकांसाठी आणखी एक. हा लोबान मूळचा सुमात्राकडचा. अरब त्याला ‘लुबान जावी’ म्हणजे जावाचा लोबान म्हणत, युरोपात त्याचं ‘बेंझॉइन’ झालं. त्यातून मिळालं बेंझोइक आम्ल, आणि त्यावरूनच पुढे बेंझीन हे नाव पडलं. हा द्रव फॅरेडे यांनी १८२५ मध्येच वेगळा केला होता. असे बरेच पदार्थ वासाचे, म्हणून त्या कुळाला ‘अ‍ॅरोमॅटिक’ म्हणू लागले. १८६५ मध्ये केकुले यांनी बेंझीनमध्ये सहा कार्बन अणूंचं कडं असल्याचं मांडलं. आज रसायनशास्त्रात हा शब्द अशा कड्यांच्या रचनेसाठी आहे, वासासाठी नाही. कापराला एवढा वास, पण तो अ‍ॅरोमॅटिक नाही. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीला जवळपास वास नाही, पण ती आहे. अकरावी-बारावीची मुलं इथेच अडखळतात. मीही अडखळले होते.

चौथीला अर्थात यातलं काही सांगितलं नाही. तास संपताना तोच मुलगा म्हणाला, "बाई, मग हिंग डिंक की राळ?"

हिंगात दोन्ही असतं. उद्या तो घरून खडा आणणार आहे, वाट्या धुऊन ठेवल्यात.