नव्या लाकडी जमिनीवरचा ओरखडा : दुरुस्ती आणि त्यातला धडा



आपल्या पेण-रोह्याकडे लाकडी जमीन म्हटली की जुन्या घराची माडी आठवते. आता मात्र नव्या फ्लॅटमध्ये कारखान्यातूनच रंग-पॉलिश होऊन आलेल्या लाकडी पट्ट्या बसवतात. दिसायला सुरेख, पण पहिला ओरखडा पडला की घरातलं वातावरण तापतं.

आमच्याकडेही तापलं असतं, म्हणून लेकीने गोष्ट लपवली. खुर्ची ओढताना ओरखडा पडला आणि तिने त्यावर सतरंजी अंथरली. आठवड्याने मी सतरंजी उचलली, तर खाली अडकलेल्या वाळूने एकाचे चार ओरखडे झालेले. मग मी शहाणपणा केला, काचपेपर घेतला आणि घासत बसले. ओरखडा राहिलाच, वर हातभर फिकट डाग पडला. लेकीची चूक बोटभर, माझी हातभर! त्यातून जे शिकले ते सांगते.

काचपेपर का चालत नाही?

सुताराने घरी घडवलेल्या साध्या फळीला घासून पुन्हा पॉलिश करता येतं. या पट्ट्यांचं तसं नाही. त्यांच्यावर कारखान्यात पॉलियुरेथेनचे थर देऊन ते अतिनील प्रकाशाखाली सुकवलेले असतात. बऱ्याचदा त्यात ॲल्युमिनियम ऑक्साईडचे बारीक कणही असतात. मध्येच एक जागा घासली, तर तिथला थर निघतो आणि घरी लावलेलं पॉलिश आजूबाजूच्या चकाकीशी जुळत नाही. म्हणून पहिला नियम : घासू नका, आधी खोली तपासा.

खोली ओळखा, मग उपाय करा

१. जागा कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल, तर इजा फक्त वरच्या थराला आहे. पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीचं टच-अपचं द्रावण मिळत असेल तर तेच वापरा. आधी कोपऱ्यात किंवा उरलेल्या तुकड्यावर लावून बघा.

२. आतलं फिकट लाकूड दिसत असेल, तर जुळत्या रंगाचा टच-अप मार्कर घ्या. फिकट छटेपासून सुरुवात करा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने लावा आणि लगेच पुसा. रंग गडद करणं सोपं, फिकट करणं कठीण.

३. खोबण पडली असेल, तर रंगीत मेणकांडी भरा आणि वरचं जास्तीचं मेण प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने अलगद काढा.

४. पट्टीची कड फुटली असेल किंवा मोठा खड्डा असेल, तर ती पट्टीच बदलावी लागते. त्यासाठी बसवतानाच त्याच लॉटच्या चार-सहा पट्ट्या मागून ठेवा. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायचा जुना उपाय इथे नको. वाफेने वरचा थर पांढुरका पडू शकतो.

आणखी एक, खास आपल्या कोकणासाठी. उन्हाळ्यात पट्ट्यांमध्ये बारीक फटी दिसल्या तर घाईने भरू नका. पावसाळ्यात दारं फुगून चौकटीत अडकतात ना, तशाच या पट्ट्याही फुगतात. भरलेला मसाला मग बाहेर ढकलला जातो.

पेणच्या मूर्तिकारांकडून

हेच शहाणपण आपल्याकडे आधीपासून आहे. पेणला, हमरापूर-जोह्याला गणपतीच्या कारखान्यांत शाडूची मूर्ती सुकताना कधी तडा जातो. सुकलेल्या तड्यात थेट ओली माती दाबली, तर कोरडी माती तिचं पाणी शोषते आणि ठिगळ आकसून सुटतं. म्हणून आधी तडा भिजवायचा, मग तीच माती भरायची, सुकू द्यायची, घासायची आणि रंग अगदी शेवटी. मूर्ती घासता येते कारण तिचा रंग अजून बाकी असतो. आपल्या पट्टीचा रंग आधीच झालेला आहे. एवढा फरक लक्षात आला की काचपेपर आपोआप हातातून खाली ठेवला जातो.

वर्गात करून बघा

सुताराकडून पॉलिश केलेल्या लाकडाचा टाकाऊ तुकडा आणा. मुलांना त्यावर नख, नाणं आणि चिमूटभर वाळू फडक्याखाली घेऊन घासू द्या. काय उमटलं ते वहीत लिहायला सांगा. मग मोहसची कठीणता सांगा : नख साधारण २.५, वाळूतलं क्वार्ट्झ ७, ॲल्युमिनियम ऑक्साईड ९. एखादं मूल नक्की विचारेल, "बाई, ९ वाल्याला ७ वाला कसा ओरखडतो?" उत्तर असं की कठीण कण मऊ थरात विखुरलेले असतात. वाळू त्यांच्यामधल्या मऊ भागाला ओरखडते. म्हणूनच दाराशी पायपुसणं आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

शेवटी पालकांसाठी. आमच्या जमिनीचं खरं नुकसान ओरखड्याने नाही, लपवण्याने झालं. आणि लेकीने लपवलं, कारण तिला माझ्या आवाजाची भीती वाटली. आता घरात ठरलंय : काही बिघडलं तर आधी सांगायचं, मग दोघींनी मिळून किती खोल गेलंय ते बघायचं. मुलांच्या चुकांनाही हीच रीत लावून बघा. जिथे फडकं पुरतं, तिथे काचपेपर कशाला?